शेव्हरोलेचे ‘सहा सिलिंडर’ आणि सुट्या भागांचा इतिहास

१/
१९३८ सालच्या शेव्हरोले गाडीच्या इंजिनाची गॅस्केट आजही नवी कोरी विकत मिळते. त्याच काळातील अनेक राजेशाही गाड्यांसाठी मात्र पाण्याचा एखादा साधा पंप शोधण्यात वर्षे जातात. सामान्यांच्या गाडीचे भाग मुबलक राहिले आणि संस्थानिकांच्या गाड्यांचे दुर्मीळ झाले, हे कसे घडले? या प्रश्नाचे उत्तर डेट्रॉइट, जपान, ब्रह्मदेशाची आघाडी, शिवडी, कुर्ला आणि दापोडी इतक्या ठिकाणी विखुरलेले आहे. हा थ्रेड त्या इतिहासाविषयी.

२/
प्रथम इंजिनाविषयी थोडे. सहा सिलिंडर एका सरळ रेषेत उभे केले आणि क्रँकशाफ्टचे कोन १२० अंशांच्या अंतराने ठेवले, की पिस्टनांच्या वर-खाली होण्याने निर्माण होणारे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे छेदतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात ही सोय नसते, त्यामुळे ते थरथरते. सहा सिलिंडरांचे इंजिन म्हणूनच मऊ चालते. परंतु त्याला लांब क्रँकशाफ्ट लागतो, अधिक धातू लागतो आणि अधिक यंत्रकाम लागते. १९२० च्या दशकात अशी गाडी घेणे मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचे होते.

३/
१९२७ मध्ये फोर्डने ‘मॉडेल टी’ बंद केले आणि वर्षाअखेर चार सिलिंडरांचे ‘मॉडेल ए’ बाजारात आणले. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाचे प्रमुख विल्यम नुडसेन यांनी याला उत्तर म्हणून १९२९ च्या हंगामासाठी सहा सिलिंडरांची गाडी आणली. ‘चारच्या किमतीत सहा’ अशी तिची जाहिरात झाली. सर्वांत स्वस्त रोडस्टरची किंमत सुमारे ५२५ डॉलर होती. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आजच्या स्वस्त सुट्या भागांचे मूळ या संख्येत आहे.

४/
हे इंजिन १९४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.२ लिटरचे होते आणि त्याची ताकद ४६ अश्वशक्ती होती. व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या माथ्यावर होते आणि पिस्टन बिडाचे होते. स्वयंपाकघरातील लोखंडी शेगडीला असतात तसे खाचेचे बोल्ट त्यात दिसत, म्हणून अमेरिकन कारागिरांनी त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ हे टोपणनाव दिले. नावात थोडी थट्टा होती, पण ज्याच्या घरी पाना आणि स्क्रूड्रायव्हर आहे त्याला हे इंजिन उघडता येते, हेही त्यातून कळत होते.

५/
मुंबईशी या इंजिनाचे नाते अगदी आरंभापासूनचे आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला. पेट्यांमधून सुटे भाग बंदरात उतरत आणि शिवडीत त्यांची गाडी होई. गाड्यांबरोबर बदली भागही येत. विक्रेते, गॅरेजे आणि त्या भागांची नावे तोंडपाठ असलेले कारागीर अशी एक साखळी पश्चिम भारतात उभी राहिली. ‘शेव्हरोले’ हा शब्द मोटारीच्या जगात परिचयाचा झाला तो या काळात.

६/
१९३७ मध्ये इंजिनाची नवी आवृत्ती आली. २१६ घनइंच, ८५ अश्वशक्ती, आणि क्रँकशाफ्टला तीनऐवजी चार मुख्य बेअरिंग. गाडीचे रूप दरवर्षी बदलत गेले, दिवे, जाळी आणि मडगार्डांचे वळण बदलले, परंतु बॉनेटखाली याच घराण्याचे इंजिन १९५३ पर्यंत राहिले. फॅशन वरच्या पत्र्याची होती. आतील यंत्राची मापे स्थिर राहिल्यामुळे एका वर्षीच्या गाडीचे अनेक भाग दुसऱ्या वर्षीच्या गाडीला बसतात. आज जुने इंजिन बांधू पाहणाऱ्याला या स्थैर्याचा सर्वांत मोठा आधार आहे.

७/
स्वस्त आणि सर्वत्र मिळणाऱ्या भागांचे मोल सर्वप्रथम ओळखणाऱ्यांत एक जपानी उद्योजक होते. किइचिरो टोयोडा यांनी १९३३ मध्ये एक शेव्हरोले गाडी विकत घेऊन ती पूर्ण खोलून पाहिली. तिच्या इंजिनावरून ‘टाइप ए’ हे टोयोटाचे पहिले मोटार-इंजिन घडले. आरंभीचे नमुने मूळ इंजिनापेक्षा फारच दुर्बळ निघाले. माथ्याची घडण सुधारल्यावर ते मार्गी लागले. या निवडीचा व्यावहारिक लाभ असा, की जपानच्या बाजारात आधीच मिळणारे शेव्हरोलेचे भाग या नव्या इंजिनालाही बऱ्याच अंशी चालत.

८/
ब्रिटनमध्येही असेच घडले. जनरल मोटर्सच्या मालकीच्या व्हॉक्सहॉलने १९३१ मध्ये ‘बेडफर्ड’ नावाने ट्रक काढले, तेव्हा त्यांचे सहा सिलिंडरांचे इंजिन शेव्हरोलेच्या रचनेवर आधारलेले होते. हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते वेगळ्या कारणाने. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेली पहिली एसटी बेडफर्ड होती. मुंबई राज्य परिवहन महामंडळाच्या आरंभीच्या ३६ गाड्या याच नावाच्या होत्या.

९/
दुसऱ्या महायुद्धाने भागांचा साठा अनेक पटींनी वाढवला. कॅनडाने राष्ट्रकुलाच्या सैन्यांसाठी एका ठरावीक नमुन्याचे चार लाखांहून अधिक लष्करी ट्रक तयार केले. त्यांपैकी फोर्डच्या ट्रकांत व्ही-८ इंजिन होते, तर शेव्हरोलेच्या ट्रकांत २१६ घनइंचांचे सहा सिलिंडर. अमेरिकी सैन्याच्या दीड टनी शेव्हरोले ट्रकात त्याच घराण्यातील मोठे, २३५ घनइंचांचे इंजिन बसवले जाई. लष्कर ट्रकाबरोबर त्याचे बदली भागही मागवते. म्हणून युद्ध संपले तेव्हा जगभरच्या गोदामांत तेलकट कागदात गुंडाळलेले पिस्टन, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग पडून होते.

१०/
क्रायस्लर कंपनीचे सहा सिलिंडरांचे इंजिन हे शेव्हरोलेचे प्रतिस्पर्धी. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या बाजूला असत, म्हणून माथा सपाट आणि बांधणी सोपी. युद्धकाळात रणगाड्यांसाठी मोठी इंजिने अपुरी पडू लागली, तेव्हा क्रायस्लरच्या अभियंत्यांनी अशी पाच मोटार-इंजिने एका अक्षाभोवती जोडून तीस सिलिंडरांचे एक इंजिन बनवले. ते ‘शर्मन’ रणगाड्याच्या एम४ए४ या प्रकारात बसवले गेले. असे ७,४९९ रणगाडे तयार झाले, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही ते लढले. गाडीसाठी ओतलेला भाग रणगाड्यात चालत होता.

११/
याच सपाट माथ्याच्या घराण्यातील डॉज इंजिनावरून सोव्हिएत संघाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपले ‘गाझ-११’ घडवले. टी-७० या हलक्या रणगाड्यात अशी दोन इंजिने एकामागोमाग जोडलेली असत. पुढे गाझ-५१ या ट्रकात ते १९४६ पासून १९७५ पर्यंत बसत राहिले. डेट्रॉइटमधील एका साध्या रचनेचे आयुष्य अशा प्रकारे तिच्या जन्मभूमीबाहेर लांबत गेले.

१२/
आता पुन्हा मुंबई. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये कुर्ला येथे क्रायस्लरच्या सहकार्याने गाड्या जुळवणे सुरू केले. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशी तीन नावे होती, परंतु पत्रा आणि बोधचिन्ह सोडले तर आतील सहा सिलिंडरांचे इंजिन एकाच घराण्यातले. डॉज आणि फार्गो ट्रकही त्याच कुळातले. डिसोटोच्या मालकाला प्लिमथचा भाग चालतो, हे ज्ञान ज्या कारागिराकडे असे, तो गिऱ्हाइकाचे पैसे वाचवू शके.

१३/
नंतर वळण आले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने मोटार-उद्योगाविषयी अहवाल दिला. ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम राबवतील त्यांनीच येथे राहावे, केवळ जुळवणी करणाऱ्यांनी नव्हे, असे धोरण ठरले. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डही गेली. धोरण देशी उद्योगाच्या हिताचे होते. त्याच्या दुसऱ्या बाजूला होते रस्त्यावर धावणाऱ्या हजारो शेव्हरोले गाड्यांचे मालक. त्यांच्यासाठी अधिकृत भागांचा झरा आटला.

१४/
येथून गॅरेजचा इतिहास सुरू होतो. इंजिन झिजते म्हणजे नेमके काय होते? सिलिंडर थोडा रुंद होतो आणि क्रँकशाफ्टचे गोल भाग थोडे बारीक होतात. त्यावर उपाय ठरलेले. सिलिंडर ‘बोअर’ करून ३० किंवा ६० थाऊ मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बोअर करण्यास धातू उरला नसेल तर आत ‘स्लीव्ह’ ठोकून माप पुन्हा मूळपदावर आणायचे. क्रँक ग्राइंड करायचा आणि जाड बेअरिंग बसवायचे. ब्लॉक आणि क्रँक हे दोन महागडे भाग अशा रीतीने दोन-तीन आयुष्ये जगत.

१५/
मोठ्या मापाचे पिस्टन, रिंगा व व्हॉल्व्ह देशात बनू लागले होते. मद्रासला १९४९ मध्ये इंडिया पिस्टन्स उभी राहिली. १९५४ मध्ये गोएत्झे इंडियाची स्थापना झाली आणि पिस्टन-रिंगांसाठी हे नाव घरोघरीच्या गॅरेजांत रुळले. जो भाग कोणी बनवत नसे तो लेथवर घडे. जो लेथवर होत नसे तो भंगारातून येई. मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार यांची ख्याती अशा गरजेतून वाढली. मोडीत निघालेल्या एका गाडीने पाच गाड्या चालत ठेवाव्यात, असा तो हिशेब होता.

१६/
भाग जुळवण्याची अडचण व्यक्तीपेक्षा संस्थेला किती जाचते, हे एसटीच्या आरंभकाळात दिसते. महामंडळाच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा नावांच्या गाड्या होत्या. दहा नावे म्हणजे दहा प्रकारचे पिस्टन आणि दहा प्रकारच्या गॅस्केटा. एका गॅस्केटसाठी गाडी आगारात उभी राहिली तर एका गावाची एसटी चुकते. दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळांचे महत्त्व आणि पुढे मोजक्याच प्रकारच्या गाड्यांकडे वळलेले धोरण या अनुभवाच्या प्रकाशात समजते.

१७/
पेट्रोल महाग होत गेले आणि सहा सिलिंडरांच्या अमेरिकन इंजिनाची भूक मालकाला परवडेना. याच सुमारास डिझेल इंजिने देशात बनू लागली होती. मद्रासची सिम्प्सन कंपनी पर्किन्सची इंजिने बनवत होती, आणि १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक तयार होत होते. अनेक जुन्या गाड्यांतून मूळ इंजिन काढून डिझेल बसवले गेले. काढलेले इंजिन बहुधा भट्टीत गेले. आज भारतात एखादी १९४० च्या दशकातील गाडी सापडते, पण तिच्या बॉनेटखाली तिचे मूळ इंजिन नसते, त्याचे हे कारण.

१८/
आता सुट्या भागांच्या खर्चातील सर्वांत कठीण प्रश्न: बेअरिंग. २१६ घनइंची शेव्हरोलेच्या कनेक्टिंग रॉडमध्ये आजच्यासारखी काढता-घालता येणारी पत्र्याची बेअरिंग नव्हती. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू वितळवून थेट रॉडमध्ये ओतला जाई. हा मिश्रधातू अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये शोधला. म्हणून त्याचे नाव ‘बॅबिट’. आपल्याकडे त्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. या रॉडांना तेलही दाबाने मिळत नसे. रॉडच्या तळाची छोटी पळी तेलात बुडे आणि तेल वर उडवी.

१९/
त्या काळी ही रचना गरिबाची मैत्रीण होती. रॉडच्या दोन अर्ध्यांमध्ये पितळेच्या अतिशय पातळ पट्ट्या असत. त्यांना ‘शिम’ म्हणतात. बेअरिंग झिजून इंजिन ठकठक वाजू लागले की कारागीर गाडीखाली शिरे, एक शिम काढे आणि रॉड पुन्हा घट्ट करी. एकही नवा भाग न घेता दुरुस्ती होई. पूर्ण झिजलेले बेअरिंगही वितळवून पुन्हा ओतता येई. दुरुस्तीला भाग लागत नव्हता, हात लागत होते. आणि कुशल हात तेव्हा स्वस्त होते.

२०/
आज हे गणित उलटले आहे. तयार भाग स्वस्त आहेत आणि व्हाइट मेटल ओतून, मापात कापून, निळ्या रंगाच्या ठशावर खरवडून बसवणारे हात मोजके उरले आहेत. त्यामुळे १९३० च्या दशकात स्वस्त असलेली दुरुस्ती आता २१६ इंजिनाच्या नूतनीकरणातील सर्वांत महाग बाब ठरते. ही विद्या पुस्तकातून कमी आणि शेजारी उभे राहून अधिक शिकली गेली. शिकवणारा निवृत्त झाला आणि शिकणारा आला नाही, तर ओतकाम जगात कोठेही पाठवून करून घ्यावे लागते.

२१/
शेव्हरोलेने स्वतःच या अडचणीवर उत्तर दिले होते. १९५३ मध्ये स्वयंचलित गिअरच्या गाड्यांतील २३५ घनइंची इंजिनाला दाबाने तेल पुरवणारी यंत्रणा, बदलता येणारी बेअरिंग आणि ॲल्युमिनियमचे पिस्टन मिळाले. १९५४ पासून हे सर्वच गाड्यांच्या इंजिनांत आले. याच घराण्याचे, तीन कार्ब्युरेटर लावलेले १५० अश्वशक्तीचे रूप १९५३ च्या कॉर्व्हेट या पहिल्यावहिल्या क्रीडा-गाडीत होते. त्या वर्षी अशा केवळ ३०० गाड्या झाल्या. दिमाखदार कॉर्व्हेटचे अनेक भाग म्हणूनच मालवाहू ट्रकाच्या भागांशी जुळतात.

२२/
२३५ हे इंजिन थोड्या फेरबदलांनी २१६ च्या जागी बसते. नंतरच्या वर्षांतील २३५ चा पाण्याचा पंप लांब आहे, त्यामुळे जुन्या गाडीत पंखा रेडिएटरला टेकतो. मध्ये एक जोडपट्टी घालून जुना आखूड पंप लावला की प्रश्न सुटतो. ज्यांना गाडी रस्त्यावर चालवायची असते असे जगभरचे अनेक हौशी लोक हा मार्ग घेतात. खर्च कमी होतो, भाग सहज मिळतात, इंजिन अधिक वेग सोसते. गाडी तीच दिसते. पण ती तीच असते का?

२३/
हा प्रश्न भारतात आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात, आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मूळ स्वरूपाच्या व्याख्येत सांगाडा, बाह्य पत्रा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. स्वस्त पर्यायी इंजिन बसवण्यापूर्वी मालकाला आता ही ओळ वाचावी लागते.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकाला या इंजिनाकडून एक उपयोगी सवय मिळते. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ओतकामाचा क्रमांक आणि तारखेची खूण असते. खुणेतील अक्षर महिना सांगते, ‘ए’ म्हणजे जानेवारी, आणि पुढील आकडे दिवस व वर्ष सांगतात. अनुभवी माणूस भाग विकत घेण्याआधी ती खूण वाचतो, मग सिलिंडर आणि क्रँक मोजतो, माथ्याला तडा आहे का हे तपासतो, आणि त्यानंतरच पिस्टन मागवतो. आधी कोणी ६० थाऊ बोअर केले असेल तर ३० थाऊचे स्वस्त पिस्टन निरुपयोगी. मोजमापाआधी केलेली खरेदी हा या छंदातील सर्वांत मोठा खर्च आहे.

२५/
काय स्वस्त आणि काय महाग, हेही आता उमगते. रिंगा, गॅस्केट, व्हॉल्व्ह, २३५ ची बेअरिंग स्वस्त, कारण ती कोट्यवधींच्या संख्येने झिजली आणि त्यांना मागणी राहिली. ब्लॉक आणि क्रँक मिळतात, कारण एका मोठ्या उत्पादनाचा आणि एका महायुद्धाचा साठा अजून पूर्ण संपलेला नाही. तडा न गेलेला माथा महाग, कारण बीड उष्णतेने फुटते आणि नव्याने ओतणारा कोणी नाही. ओतलेले बेअरिंग सर्वांत महाग, कारण तेथे विकत घ्यायची वस्तू धातूची नसून सवयीची आहे.

२६/
संग्रहालयात गाडी राहते आणि अभिलेखागारात कारखान्याची कागदपत्रे राहतात. ‘रॉड किती घट्ट करायचा’ हे ज्याच्या मनगटाला ठाऊक आहे, त्याची नोंद मात्र कोठेच नसते. पश्चिम भारतातील मोटार-इतिहासाचा मोठा भाग अशा मनगटांत होता: शिवडीत, कुर्ल्यात, दापोडीत, आणि तालुक्याच्या गावांतील लेथवर. त्यांतील काही कारागीर अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेण्यास, त्यांची हत्यारे व मापांच्या वह्या जपण्यास आयात परवाना लागत नाही. जुने इंजिन बांधू पाहणाऱ्या तरुणाने भागांच्या यादीबरोबर एक कोरी वही घेऊन अशा कारागिराचे दार ठोठवावे. पिस्टन पुढील वर्षीही मिळतील.